नमुन्याचा हात

आमच्या घरात माझ्या हाताला मान होता. मला नव्हता असं नाही, पण हाताला जरा जास्त होता.

वर घर आणि खाली आमचा नेलपेंटचा कारखाना. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडी आठवतात. आमच्याकडे तीन खोल्या, रंग घोटायची दोन यंत्रं, बाटल्या भरणाऱ्या पाच-सहा बायका आणि जिन्यापर्यंत चढणारा एक वास आहे. तो पाहुण्यांच्या डोक्यात जातो आणि आम्हाला येतच नाही. हे सगळं सासूबाईंनी उभं केलं. वर्षातून दोनदा, ऋतू पालटायच्या आधी, आम्ही नवे रंग काढतो आणि ते फुलांवरूनच घेतो. ही त्यांची पहिल्यापासूनची रीत. पुस्तकातून रंग कुणीही काढील, पण फुलाचा रंग बाईच्या ओळखीचा असतो, असं त्यांचं म्हणणं. बाटलीवर नावही फुलाचंच: गुलबक्षी, जास्वंद, शेवंती, बोगनवेल.

इतर कारखाने नवा रंग प्लॅस्टिकच्या पांढऱ्या नखांवर लावून बघतात. सासूबाईंना ते पटत नाही. "प्लॅस्टिकच्या नखांना भांडी घासावी लागत नाहीत," म्हणतात. म्हणून आमच्याकडे रंग जिवंत हातावर तपासतात, आणि तो हात माझा होता. लग्न होऊन आले त्याच वर्षी त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "हा हात चालेल." नवरा मिळाल्याचा आनंद मला झालाच होता, पण या वाक्याचा जास्त झाला. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

काम असं चालायचं. खालच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरा कपडा, त्यावर फुलं आणि शेजारी बाटल्या. दहा बोटांना दहा रंग. ते लावून मी आठवडाभर नेहमीची कामं करायची. धुणं, भांडी, फरशी, सगळं, हात न राखता. आठवड्यानं पुन्हा टेबलाशी बसायचं. जो रंग टवका उडून गेला तो बाद, जो फिका पडला तो बाद, ज्याचा आम्हा दोघींना कंटाळा आला तोही बाद. उरतील ते ऋतूचे रंग. त्या आठवड्यात मी बाजारात गेले की दहा बोटांना दहा रंग बघून बायका एकमेकींना कोपर मारायच्या. एकदा बसमध्ये एका बाईनं आपलं पोर माझ्यापासून लांब ओढून घेतलं. मी मान ताठ करून बसले होते.

पण खरी गोष्ट वेगळी होती. सासूबाई माणसाला हात लावणाऱ्यांतल्या नव्हेत. पाठीवरून हात फिरवणं, जवळ घेणं, हे त्यांच्या गावीच नाही. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागल्या, पण खुर्ची टाकून, हातभर लांब. फक्त त्या टेबलाशी त्या माझा हात हातात घ्यायच्या. एकेक बोट धरायच्या, सरळ करायच्या, नखाच्या कडेला गेलेला रंग काडीनं काढायच्या. त्यांचा हात कोरडा आणि उबदार होता. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. माझी स्वतःची आई लवकर गेली. म्हणून असेल, किंवा नसेलही, पण ते टेबल माझं होतं आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडलेला मला खपणार नव्हता.

धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली, ती हसतच. मी मनात तिचं नाव राणीसरकार ठेवलं. तिनं माझं काही घोडं मारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला विचारायला नको. लग्नाआधी ती एका पार्लरमध्ये कामाला होती. बोलकी होती, कामाला वाघ होती, आणि जेवताना असं काहीतरी बोलायची की सासूबाई तोंडावर पदर धरून हसायच्या. सासूबाई हसतात हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं त्यांना हिशेबाचं, भाजीचं, बाटल्यांच्या झाकणांचं सांगत आले आणि ही बया येऊन त्यांना हसवून गेली.

एका गोष्टीचं मात्र मला समाधान होतं. तिची नखं वाटाण्याएवढी होती. गोल, आखूड, बोटंही तशीच बुटकी. माझी बोटं लांब, नखं बदामी. हसून हसवून बाकी सगळं मिळवता येतं, म्हटलं, नखं कुठून आणशील?

तर यंदा उन्हाळ्याचे रंग काढायचे होते. गेल्या ऋतूत आमचा फिका गुलाब अंगाशी आला होता. हलका, एकाच थरात लावायचा पातळ रंग. माझ्या बोटांवर तो असा खुलला होता की सासूबाई स्वतः म्हणाल्या, याच्या जादा बाटल्या भरा. दुकानांतून खोक्यांवर खोकी परत आली. बायका म्हणत होत्या, हा लावला की बोटं गारठल्यासारखी दिसतात. मी म्हटलं, बायकांनाच लावायची अक्कल नसेल.  सासूबाई परत आलेल्या खोक्यांशेजारी बराच वेळ उभ्या होत्या एवढं मला आठवतं.

ठरलेल्या सकाळी मी हात स्वच्छ धुऊन, पुसून खाली गेले आणि माझ्या खुर्चीवर बसले. फुलं आली होती. सासूबाई बाटल्या लावत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तू ऊठ. तिला बसू दे."

मला वाटलं, फुलांची टोपली ठेवायला बसवताहेत. धाकटी दारात उभी होती, ओले हात ओढणीला पुसत.

"आई, हिची नखं बघितलीत का तुम्ही?" मी विचारलं.

"बघितली."

"मग?"

"मग काही नाही. यंदा तू फुलं बघ."

फुलं बघ म्हणजे काय, तर नीघ. मला मराठी कळतं. मी उठले. धाकटी पुढे येत हळूच म्हणाली, "ताई, मी नको म्हणत होते." आणि बसलीसुद्धा. नको म्हणणारं माणूस असं पटकन बसत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. वर येऊन यांना सांगितलं. हे बिलं करत होते. मान वर न करता म्हणाले, "बरं झालं की. सुटलीस. तसंही तुला त्या रंगांचा त्रासच होता."

"कुणी सांगितलं त्रास होता म्हणून?"

"तूच म्हणायचीस, कणीक मळताना सांभाळावं लागतं."

ते मी मिरवायला म्हणायची, हे इतक्या वर्षांत या माणसाला कळलं नसेल तर आता सांगून काय उपयोग? मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अशी आपटली की खालच्या बायकांनी काय कोसळलं म्हणून वर माणूस पाठवलं.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. राणीसरकार दहा बोटांचे दहा रंग घेऊन घरभर फिरत होत्या. "ताई, शेवंती बघा ना कशी बसलीय. ताई, हा बोगनवेलीचा जरा भडक वाटतो का?" मी म्हणायची, छान आहे. छान हा शब्द इतका कडू असतो हे मला माहीत नव्हतं. बरं, कामात खोट काढावी तर तीही सोय नाही. हाताची परीक्षा व्हायला हवी म्हणून तिनं माझ्या वाटणीची भांडीसुद्धा घासली. चादरी धुतल्या, जिना पुसला. मला बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

एक दिवस दुपारी मी झाकणांचा हिशेब विचारायचं निमित्त करून खाली गेले. झाकणं मी आदल्याच दिवशी मोजली होती. खोलीचं दार काचेचं आहे. आत सासूबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. जास्वंदीचा टवका उडाला होता, तो बाद करून तिथे दुसरा रंग लावला होता. आणि मग त्या पुढे वाकल्या आणि त्या वाटाण्याएवढ्या नखावर त्यांनी फुंकर घातली.

माझ्या नखांवर त्यांनी कधी फुंकर घातली नव्हती. वाळेल आपोआप, म्हणायच्या. मी दाराबाहेर उभी होते आणि मला रडू आलं. एवढी मोठी बाई, पोरं शाळेत जाणारी, आणि फुंकरीवरून रडते. बाटल्या भरणाऱ्यांपैकी एकीनं विचारलं, "काय झालं, वहिनी?" मी म्हटलं, थिनरचा वास. इतकी वर्षं न आलेला वास मला त्या दिवशी आला म्हणायचा.

तिथेच ठरवलं. फुलं बघ म्हणाल्या ना? बघते. असं फूल आणते आणि त्याचा असा रंग काढते की त्या दहाही बाटल्या बाजूला सारून सासूबाईंनी माझा हात मागून घेतला पाहिजे.

बसथांब्यामागे एक रोपवाटिका आहे. तिथे सगळ्यात मागे, फुटक्या कुंड्यांजवळ, मला कण्हेर दिसली. नेहमीची गुलाबी नव्हे. पिकत आलेल्या जर्दाळूच्या सालीवर जी लाली असते, ती पाण्यात कालवावी तसा रंग. उन्हाळ्यात अंगावर सुती कपडा हवासा वाटतो तसा हा रंग बोटांवर हवासा वाटला असता. माळी म्हणाला, ते झाड कुणी नेत नाही. मी फांदी मागितली. त्यानं वर दोन टवटवीत जास्वंदी दिल्या, त्या मी रस्त्यातच एका मुलीला देऊन टाकल्या. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

बायका जेवायला बसल्या की मी मागच्या खोलीत जायची. रंग घोटणं मला येतं, सासूबाईंनीच शिकवलं. पांढरा, गुलाबी, थेंबभर तांबडा. लावायचा, वाळू द्यायचा, पाकळी शेजारी धरायची, पुसायचा, पुन्हा कालवायचा. पातळ रंग फार छळतो. जरा इकडे झाला की आजारी दिसतो, जरा तिकडे झाला की स्वस्त. माझ्या अनामिकेवर तो नेहमी थोडा पिवळटच यायचा, म्हणून मी गुलाबीत किंचित निळसर घालत गेले. शेवटी एका दुपारी पाकळी नखावर ठेवली आणि ती कुठे संपते आणि नख कुठे सुरू होतं ते मलाच सांगता येईना. मी खोलीत एकटीच हसले.

तो रंग निवडीच्या दिवसापर्यंत कुणाला दिसायला नको होता आणि मला तो पुसवतही नव्हता. मग मी बोटाला चिंधी गुंडाळली. कापलं म्हणून सांगितलं. संध्याकाळी धाकटी मलम घेऊन आली. "दाखवा तरी ताई, किती खोल आहे?" मी हात पाठीमागे घेतला. तिनं मलम माझ्या उशीजवळ ठेवलं. मला तिचा आणखीनच राग आला. माणसानं वैर करायचं तरी कुणाशी?

निवडीच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा खाली गेले. टेबलावर निवड जवळजवळ झाली होती. चार रंग राहिले होते, एक जागा रिकामी होती. धाकटीच्या डाव्या हाताचं मधलं नख पुसून मोकळं केलं होतं. सासूबाई टोपलीतली फुलं उलटीपालटी करत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. मला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

"फुलं बघ म्हणाला होतात," मी म्हटलं. कण्हेरीची फांदी टेबलावर ठेवली, बाटली ठेवली, आणि चिंधी सोडली. पाकळी माझ्या अनामिकेवर ठेवून हात त्यांच्यापुढे धरला.

सासूबाई फुलाकडे बघत राहिल्या. मग नखाकडे. "फूल सुरेख शोधलंस," म्हणाल्या. पण हात हातात घेतला नाही. बाटली उचलली, ब्रश निथळवला आणि तो रंग धाकटीच्या त्या मोकळ्या नखावर लावला.

 वाळला तेव्हा तो कण्हेरीचा नव्हता. जर्दाळू नाही, ऊन नाही, काही नाही. फिकट जांभळट, बर्फाच्या पाण्यात बोट धरून ठेवल्यासारखा. तीच बाटली, तोच ब्रश. मी माझं बोट शेजारी नेलं. माझ्यावर फूल होतं, तिच्यावर थंडी होती.

"हिच्या नखांचाच दोष आहे," मी म्हटलं. "मी म्हटलंच होतं."

धाकटीनं ओठ चावला. सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ताई, तुमचा रंग पुसा ना जरा. मोकळं नख माझ्या मोकळ्या नखाशेजारी धरून बघा."

"तू गप्प बस," सासूबाई तिच्यावर खेकसल्या. आणि त्या खेकसल्या म्हणूनच मी रिमूव्हरची बाटली ओढली. त्यांना जे लपवायचं होतं ते मला बघायचंच होतं.

मी माझी अनामिका पुसली. धाकटीनं आपलं मधलं बोट पुसलं. दोन्ही बोटं पांढऱ्या कपड्यावर शेजारी ठेवली. तिचं नख गुलाबी होतं, तान्ह्या मुलाचं असतं तसं. माझं पिवळं होतं. थोडंबिथोडं नाही. माळ्यावर ठेवलेल्या जुन्या वर्तमानपत्रासारखं, कडेपासून मुळापर्यंत. मी बाकीची बोटं बघितली. सगळी तशीच. असं नाही की मी ती कधी बघितली नव्हती. रंग पुसताना रोज बघत होते. पण बाईची नखं अशीच असतात असं मला वाटायचं. शेजारी ठेवायला दुसरा हात कधी त्या टेबलावर आलाच नव्हता, आणि तो मीच येऊ दिला नव्हता.

आता सगळं उलगडत गेलं आणि मला ते नको होतं. पातळ रंगातून खालचं नख दिसतं, आणि पिवळ्यावर गुलाबी उबदार दिसतो. म्हणून मी निळसर घालत गेले. माझ्या हातावर फूल उमटलं, बाकी जगाच्या हातावर गारठा. गेल्या ऋतूतला गुलाबही तसाच. खोक्यांवर खोकी परत आली ती माझ्या हातामुळे. ज्या हाताच्या जोरावर मी बसमध्ये मान ताठ केली होती, त्या हातामुळे.

"तुम्हाला कधी कळलं?" मी सासूबाईंना विचारलं.

"गुलाब परत आला तेव्हा. बाटली घेऊन हिच्या हातावर लावून बघितला."

म्हणजे तेव्हापासून. मला वर भाजी निवडत ठेवून खाली या दोघींचं हे चाललं होतं. बाकी सगळं बाजूला राहिलं आणि माझ्या मनात आधी हेच आलं, की त्यांनी तिचा हात माझ्या आधी धरला होता आणि मला पत्ता नव्हता.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं?" सासूबाईंचा आवाज चढला. त्यांना वाईट वाटलं की तो चढतो. "तुझा हात निकामी झाला म्हणून सांगू? हे पिवळं माझंच आहे. मीच चढवलंय दर ऋतूला, रंगावर रंग."

"पार्लरमध्ये आम्ही आधी बेस कोट द्यायचो," धाकटी खाली मान घालून म्हणाली. "नुसता पारदर्शक थर. मग रंग नखात मुरत नाही."

बेस कोट काय असतो ते मला काय सांगतेस? तो आमच्याच मागच्या खोलीत तयार होतो. मीच खोक्यांवर चिठ्ठ्या लावते. पण तपासणीच्या हाताला तो लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. "घरी बसून रंग लावणाऱ्या बायका थरबीर लावत नाहीत," त्या आताही म्हणाल्या. "आणि त्यावर रंग खरा दिसत नाही." पण त्या हे माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि माझी बोटं धरली. रंग नाही, ब्रश नाही, निमित्त नाही. नुसता हात. कोरडा आणि उबदार. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं फुकट समोर आलं आणि मी माझा हात काढून घेतला. काढला आणि त्याच क्षणी हळहळले. पण सासूबाईंनी आपला हात परत नेला होता आणि त्या टेबलाचा कपडा सारखा करत होत्या.

"हे फूल जाऊ द्यायचं नाही," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "रंग पुन्हा जुळव. हिच्या नखावर."

मी म्हणायला हवं होतं, तुमचं तुम्ही बघा. पण कण्हेर टेबलावर कोमेजायला लागली होती आणि ती मी शोधली होती. माझी फांदी आणि भलताच रंग, असं बाजारात गेलेलं मला चाललं नसतं. मी धाकटीला मागच्या खोलीत नेलं. निळसर काढता येत नाही, म्हणून पहिल्यापासून कालवला. या वेळी तिचं बोट समोर धरून. ती एक अक्षर बोलली नाही, हे तिला जमतं हे मला नवीन होतं. तिसऱ्या खेपेला पिवळ्याचा एक थेंब पडला आणि पाकळी तिच्या नखावर हरवली. रंग वाटाण्याएवढ्या नखावरसुद्धा सुंदर दिसत होता. मला तो सुंदर दिसला याचाही राग आला.

आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई त्यांच्या खुर्चीवर नव्हत्या. खिडकीशी उभ्या होत्या. "दहाही बोटांना हाच लाव," म्हणाल्या. "उद्या दुकानदारीण येते आहे, तिला पूर्ण हात दाखवू. तुझा रंग आहे, तूच लाव. बस तिथे."

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. समोर माझी खुर्ची होती आणि तिच्यावर धाकटी. तिनं सगळी बोटं पुसून हात कपड्यावर ठेवले. मी तिचा उजवा हात हातात घेतला. तळव्याला घाम होता. ती श्वास बेतानं घेत होती. मी ब्रश निथळवला.

आणि तेव्हा मला दिसलं की मला काहीच करायचं नाहीये. नुसता नियम पाळायचा. मोकळ्या नखावर थेट रंग, सासूबाईंच्या रीतीप्रमाणे, आज, पुढच्या ऋतूत, त्याच्या पुढच्या ऋतूत. मी काही केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. ही गुलाबी नखं हळूहळू माझ्यासारखी होतील. मग कुणीतरी तिलाही एका सकाळी म्हणेल, तू ऊठ. मला थांबायचं होतं फक्त. थांबायला मी काही कमी पडत नाही. हे सगळं मी नीट, शांतपणे विचार करून बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती, सासूबाईंकडे. आता त्या येतील, बोट धरतील, फुंकर घालतील, अशी वाट बघत होती. सासूबाई आल्या नाहीत. धाकटीचा हात माझ्या हातात सैल पडला. तसा हात मला आतून माहीत होता.

मी ब्रश परत बाटलीत घातला आणि म्हटलं, "कोपऱ्यातल्या खोक्यातून बेस कोट आण."

तिनं आणला. सासूबाई वळल्या. "रंग खरा दिसायचा नाही," म्हणाल्या.

"नाही दिसला तर पुन्हा जुळवीन."

"आपली तशी रीत नाही."

"माहितीये मला आपली रीत," मी म्हटलं आणि माझे दोन्ही पंजे वर करून त्यांना दाखवले.

 त्या स्टूल ओढून टेबलाच्या कडेला बसल्या, हातभर लांब. मी धाकटीचं एकेक बोट धरलं आणि नखाच्या मुळापासून टोकापर्यंत थर ओढत गेले. कडेला गेलेला काडीनं काढला. तिचा हात पुन्हा गरम झाला. "ताई," ती हळूच म्हणाली. "हात हलवू नकोस," मी म्हटलं. ती अशी खूश होऊन बसली होती की एक थोबाडीत द्यावी.

माझ्या नखांना इतक्या वर्षांत जे कुणी दिलं नव्हतं, ते हिला पहिल्याच ऋतूत मिळत होतं. तिचा हेवा करायला माझ्याकडे आधीच कारणं काय कमी होती, त्यात हे आणखी एक पडलं, आणि हे मी माझ्या हातानं तिला देत होते, एकेका नखावर, वाळेपर्यंत थांबून.